सातवं बटन

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात
बिलाचं काम माझं.
कॉम्प्युटर बोलतो, मी ऐकते.
पण बिलाच्या त्या जुन्या प्रोग्रॅमात शिरलं
की त्याला एवढंच येई :
बटन. बटन. बटन.

तिसरं छापायचं, पाचवं पुसायचं,
पाठ होतं, घरातला उंबरा पाठ असतो तसं.
मग एका शनिवारी बोट चुकलं
आणि हैदराबादचे चाळीस डझन नॅपकिन
हिशेबातून गेले ते गेलेच.

रेवणसिद्ध फोनवर म्हणाला, स्क्रिप्ट लिही की.
कशाला काय म्हणायचं ते शिकव त्याला.
आधी एकच शब्द बोलायला लाव. एकच.

एका शब्दाला बावीस रात्री.
ओळ अकरा, चूक.
अकरा दुरुस्त केली तर ओळ नऊ, चूक.
मोठ्या अक्षराला त्याचा आवाज जरासा चढतो,
शेजारचे माग चालू असले
की तेही कळत नाही.
एकदा तर माझ्याच स्क्रिप्टनं
त्याची दातखीळ बसवली.
बंद दुकानाचं शटर वाजवावं
तशी मी कळा दाबत बसले.

नान्ना जकार्डाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
वाया गेलेला पुठ्ठा माझ्या हाती यायचा.
बोट फिरवून मी विचारायची, हे काय?
मोराचा डोळा.
एक भोक चुकलं तर मोर काणा,
आणि पुढच्या शंभर चादरी तशाच,
असं म्हणायचे,
आणि मग गप्प व्हायचे.

आता ओळ आत सरकवताना
कॉम्प्युटर चार स्पेस म्हणतो,
तरी मी त्यांच्यासारखं मोजूनच घेते :
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.

तेविसाव्या रात्री तिसऱ्या बटनावर आले
आणि तो म्हणाला, बिल छाप.
शब्द माझे, आवाज त्याचा, नाकातला.
मागे गेले, परत आले. बिल छाप. बिल छाप.
विड्यांचं सूप बाजूला सारत आई ओरडली,
कुणाचं बिल गं, इतक्या रात्री?

सहा झाली.
सातव्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.
शेठना विचारलं, त्यांच्या मेव्हण्याला विचारलं.
प्रोग्रॅम लिहिणारा पुण्याला गेला, नंबर बदलला.
दाबून बघायची कुणाची छाती नाही.

मग जे होतं तेच लिहिलं मी तिथे.
रोज तिथून जाताना
कॉम्प्युटर अगदी गंभीरपणे सांगतो,
माहीत नाही.
बरं, म्हणते मी,
आणि आठव्यावर जाते.