चुलीतला च

शब्दाच्या डोक्यावर आधी एक चांदणी काढायची.
म्हणजे हा शब्द कुणी लिहिलेला नाही,
ऐकलेला माणूस उरलेला नाही,
नातवंडांची नाकं बघून
आजोबाचं नाक काढलंय, असं समजायचं.
*पेक्ति.
भाजणे. शेकणे. भट्टीत घालून वाट बघणे.

मी शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर
तेहेतीस वर्षं हिशेब लिहिला.
स्लाव्ह लोकांच्या धातूंचं वेड रात्रीचं,
ते घरी कुणाला पचलं नाही.

पचलं.
बघा, तोच धातू.
कधीचा आमच्याकडं जेवायला बसलाय,
आणि आपण पाहुण्याची चौकशी करतोय.

'मी भाजतो' म्हणताना त्या लोकांच्या तोंडी क होता: पेकाँ.
'तू भाजतेस' म्हणताना तो मऊ पडून च झाला: पेचेशि.
पुढचा स्वर तसा होता, एवढंच कारण, व्याकरण सांगतं.
असेल.
'ते भाजतात' म्हणताना मात्र पुन्हा क, कडक,
परक्या माणसाशी बोलावं तसा.

वळिवड्याला, लढाईच्या काळात,
पोलंडची माणसं बराकीत राहून गेली.
ती गेली, आणि सिंधी आले,
तेही घर सोडूनच.
भट्टी तेवढी जागची हलली नाही.
आता ती हशमतरायकडं आहे. खारी, टोस्ट, नानकटाई.
त्याची आई रांधण्याला 'पचाइणु' म्हणायची.
मी हे वहीत लिहून घेतलं
तेव्हा त्यानं मला पाव किलो खारी फुकट दिली,
बहुतेक कीव येऊन.

गेल्या श्रावणात ग्राझिना आली. सत्तरीची, केस पिकलेले.
तिची आई नऊ वर्षांची होती या बराकीत.
भट्टीच्या लोखंडी दारावर तिनं तळहात ठेवला
आणि म्हणाली, "प्येच."
हशमतनं पेच ऐकला,
आणि पेचकस शोधायला आत गेला.

मी मात्र जागीच.
तो च आपला होता.
चिमट्यातला नव्हे, चुलीतला,
जो आपण चाकाला लावतो, चहाला लावतो,
आणि पचण्याला.
जीभ दाताला टेकवून तिला म्हणून दाखवलं: पच.
ती म्हणाली: प्येच.
दोनदा, तीनदा. पाव घ्यायला आलेलं पोरगं
आमच्याकडं बघून पैसे द्यायचं विसरलं.

मग तिनं सांगितलं, त्यांच्याकडं हा धातू
आतल्या आत वळला.
काळीज भाजायला लागलं, म्हणजे काळजी.
काळजी करणारा तो राखणदार: ओप्येका, सांभाळ.
आणि काळजी जिथं नाही, ते बेस्प्येच्नी,
बिनघोर, सुरक्षित.
"आई रोज रात्री विचारायची म्हणे,
इथं आपण बेस्प्येच्नी आहोत ना?"
कुणाला विचारायची, ते तिला ठाऊक नव्हतं.

आमचा धातू त्या वाटेनं गेला नाही.
आमचा झाडावर चढला आणि आंबा होऊन पिकला,
गळू होऊन पिकला, डोक्यावर पांढरा झाला.
भिंतीत शिरून पक्का.
घोरासाठी आम्ही दुसरीकडून शब्द आणले.

तिला चिखलीच्या गुऱ्हाळावर न्यायचं होतं.
काहिलीवर वाकून
गुळव्या बोटाच्या चिमटीत तार ओढतो
आणि ओरडतो, "पाक आला!"
ते तिला ऐकवायचं होतं.
पण हंगाम नव्हता. श्रावणात कुठलं गुऱ्हाळ.
चुलवाणात पाणी साचलेलं असणार, बेडकं.
म्हणून नुसतंच सांगितलं, हातवारे करून.
ती हसली. समजलं की नाही, देव जाणे.

एवढ्यात हशमत पेचकस घेऊन बाहेर आला.
पेच फारशीतला,
त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही.
तरी दाराचा एक स्क्रू ढिला होताच.
तो त्यानं आवळून घेतला.