अकरा मिनिटांची खरखर

आर्वो केट्टुनेनचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला
तो पिठाने माखलेल्या रेडिओतून,
हँकॉकच्या बेकरीत, पहाटे अडीचला.
बाहेर उणे सव्वीस.
"पाव भाजणाऱ्यांनो," तो म्हणाला,
"पहिली खेप करपवू नका. पुढचं गाणं लांबलचक आहे."
आणि मी खरंच भट्टीचं दार उघडून बघितलं.

तबकडीवर सुई टेकवण्याआधी तो तिच्यावर फुंकर घालायचा.
ती फुंकर थेट मानेला लागायची.
ट्रम्पेट त्याला सोसत नसे, तरी लावायचा:
"पुलावरच्या पोरगेल्या रखवालदाराला आवडतं, काय करणार?"
कोणाच्या आईचे गुडघे, कोणाची हरवलेली कुत्री,
सरोवरावरून येणारं वादळ,
सगळं दोन गाण्यांच्या बेचक्यात बसवायचा.
आणि गुरुवारी तो पोल्का,
भाता फाटलेल्या अकॉर्डियनचा,
बायकोच्या माहेरचा म्हणे.
दर गुरुवारी मी शिव्या घालत पीठ मळायची.
पीठ छान मळलं जायचं.

आवाज कसा, तर
खाणीच्या तळातून पाळणा वर यावा तसा,
सावकाश, ओलसर, तांब्याच्या वासाचा.
मी मनाशी धरून चालले होते:
सहा फूट उंची, दाढी, फावड्याएवढे हात.

मग अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीतली ती रात्र.
गाणं संपलं. तबकडी फिरत राहिली.
खर्र, टक्. खर्र, टक्.
कॉफी आणायला गेला असेल.
खर्र, टक्.
कॉफीला इतका वेळ?
पाचव्या मिनिटाला मी ॲप्रनसकट गाडीत बसले,
पाव भट्टीत तसेच टाकून,
आणि गाडीच्या रेडिओतही तेच,
खर्र, टक्, सगळ्या रस्ताभर.

टेकडीवर स्टेशनच्या दारात
बर्फ सारणारा ट्रक आधीच उभा, पिवळा दिवा गरगरत.
त्यातून डेल प्रुइट उतरला. त्याला कधी पाहिलं नव्हतं,
पण ते गुडघे त्याच्या आईचे, हे मला ठाऊक होतं.
रात्रपाळीची नर्स लॉरेट आली, स्वेटर उलटा घातलेला.
मागून धापा टाकत रखवालदार.
"अरे, पूल कोण बघतंय?"
"कालवा गोठलाय. येतंय कोण?"

दाराला कडी नव्हती.
आत आर्वो टेबलावर डोकं ठेवून
गाढ झोपला होता.
जेमतेम सव्वापाच फूट, टक्कल,
एक मोजा राखाडी, एक लाल,
आणि गालावर तबकडीच्या पाकिटाची कड उमटलेली.

जागा झाला. आम्हा चौघांना बघून
बिटासारखा लाल झाला.
तोंड उघडलं, शब्द फुटेना.
ज्या माणसाने आमच्या रात्रीच्या रात्री बोलून काढल्या
त्याला साधं "या, बसा" म्हणता येईना.
शेवटी त्याने आमच्याकडे पाठ केली,
माइक जवळ ओढला:
"मंडळी, आज माझ्याकडे पाहुणे आलेत.
त्यांच्या खांद्यांवर बर्फ आहे.
कप एकच आहे, तर त्यांनी पाळीपाळीने प्यावं."
आम्ही पाळीपाळीने प्यालो.

पावांचा कोळसा झाला होता. मालकाने पगार कापला.
दुसऱ्या रात्री आर्वो म्हणाला,
"गावात आज कोणाला टोस्ट मिळाला नसेल, तर दोष माझा."

आता नातवाने एक यंत्र दिलंय.
ते मला ओळखतं म्हणे.
माझ्या आवडीचंच लावतं, एकामागून एक, न चुकता.
त्याला डुलकी लागत नाही.
त्याच्यासाठी कधी गाडी काढावी लागणार नाही.
पीठ मी अजून मळते, एकटीपुरतं,
आणि एक गाणं संपून दुसरं लागताना
मान उगीच आखडून धरते.

गेल्या हिवाळ्यात डेल गेला.
चर्चमध्ये, शवपेटी उचलायच्या आधी,
त्याच्या मुलीने एक जुनी टेप लावली: बाबांनी सांगून ठेवलं होतं.
तोच पोल्का.
लॉरेट, मी आणि आता म्हातारा झालेला रखवालदार,
तिघांनी एकाच वेळी नाक मुरडलं.
मग एकमेकांकडे बघायची सोय राहिली नाही,
हसू आवरेना.