तिरकी रेघ

कुडचड्याच्या इस्पितळात, रात्रपाळीला,
मी खुलासा लिहिते आहे.
विषय: खाट क्रमांक सहा. बेल दिली, सिस्टर आली नाही.
तक्रारदार: रुग्णाचा मुलगा, राहणार सावर्डे.
तीन दिवसांच्या आत, असं पत्रात आहे,
अन्यथा प्रकरण कौन्सिलकडे.

बेल दोन दहाला वाजली. हे खरं आहे.
दोन दहाला मी खाट अकराच्या तोंडातलं रक्त ओढत होते,
सक्शनची नळी एका हातात,
दुसऱ्या हाताने त्याचं डोकं कुशीवर धरून.
दोन अठ्ठावीसला सहाकडे गेले.
ती खाली बसली होती, ओल्या लादीवर.
म्हणाली, आयलें गो बाय?
रागाने नाही.

अकराच्या कागदावर सगळं आहे, वेळ, मात्रा, सही.
सहाच्या कागदावर दोन ते अडीच
दोन बोटं कोरी जागा.
नंतर लिहीन म्हटलं, आणि उजाडलं.
जसिंता म्हणाली, भर ना आता, पेन तर तेच आहे.
लिही, रुग्ण गोंधळलेली, सूचना पाळत नाही.
तेवढ्यावर सुटशील.

एस्पेरांसा सिस्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
लिहिलं नाही ते केलं नाही, बाय.
आणि कोरी जागा सोडायची नाही,
तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी...
मला वाटलं होतं, कुणी म्हणजे
दुसरं कुणी.

घरी माझं रजिस्ट्रेशन चौकटीत आहे,
देवाच्या फळीखाली. बाबांनी लावलं.
बाबांचंही एक लायसन्स आहे, अवजड वाहनाचं.
खाण बंद पडली, टिपरच्या चाकांत गवत वाढलं,
तरी मुदत संपली की ते नवं करून आणतात,
फोटोसाठी दाढी करून.
पत्राचं मी त्यांना सांगितलेलं नाही.

रेघ मारली. आजची तारीख, आजची वेळ, सही.
खुलाशात लिहिलं, अठरा मिनिटं.
कारण लिहिलं. अकराचं नाव लिहिलं नाही,
तो त्याच पहाटे गेला.
दिलगिरी लिहावी का?
जसिंता म्हणते, माफी मागितलीस की कबूल केलंस.
त्या ओळीवर पेन ठेवून बसले आहे.

चार पाचला सहाची बेल.
उठले, धावतच गेले.
पण हे खुलाशात येणार नाही:
आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
मग तिच्याकडे.