काळि आळि

भोंग्याच्या आधी जागी व्हायची आमची आळी,
भुसावळच्या लोकोशेडला पाठ टेकून बसलेली.
एकशे चौदा उंबरे, दोन नळ,
आणि दोरीवरचं पांढरं धोतर
संध्याकाळपर्यंत कोणाचंच पांढरं राहायचं नाही.

गावानं नाव ठेवलं : काळी आळी.
कोळशामुळे, म्हणायचे.
कोळसा तर पेठेतही उडायचा,
तिला कोणी काळी पेठ म्हटलं नाही.

सुपडू तायडे, फायरमन.
रात्रपाळीहून आला की आधी दात दिसायचे, मग सुपडू.
एका सकाळी डांबर आणलं, पत्रा आणला,
आळीच्या तोंडाशी स्वतःच पाटी ठोकली : काळि आळि.
रात्रशाळेत दीर्घ वेलांटी अजून यायची होती.

शाळा विहारात. फळा म्हणजे मालडब्याचं दार.
अवचित मास्तर पाळी बघून हजेरी घ्यायचे,
"दोन ते दहावाले कुठंयत? बरं.
हातचा एक त्यांच्यासाठी ठेवा."

मे महिन्यात घरात पाय ठेववत नसे.
सगळ्या बाजा बाहेर, डोक्याला डोकं,
मधे माठ,
आणि झोपेत कोणी इंजिनाला शिव्या घालायचं
तर दुसऱ्या बाजेवरून कोणी उत्तर द्यायचं.

शेडच्या राखेत रेवाबाई वांगी भाजायची.
ज्याचं काम सुटलं त्याच्या दाराशी
केळीच्या पानात झाकलेलं भरीत.
विचारलं तर,
"जास्ती हुई गयं व माय."
पंधरा वर्षं तिचं जास्तीच होत राहिलं.

मग वाफ गेली.
विजेची इंजिनं आली, स्वच्छ,
त्यांना कोणी खाऊ घालावं लागत नव्हतं.

परवा पुलासाठी मोजणी झाली. दारांवर लाल आकडे.
मोजणारा मास्तरांचाच नातू, खाली मान घालून.
रेवाबाई म्हणाली, "चहा पी, मंग लिख."
त्यानं चहा घेतला.
मग लिहिलं, त्र्याहत्तर.
आकडा सुबक होता, घराण्याचं वळण.

पाटी मी आणली.
जळगावात, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत.
रंगारी म्हणाला, ताई, वेलांट्या सुधारून देऊ?
म्हटलं, हात लावू नको.

कोळशाचा वास गेलाय.
डांबराचा येतो अजून,
दुपारी, ऊन पत्र्यावर आलं की.