तीसच्या आत

बिराजदार मॅडमनी कानाला नळ्या लावल्या,
बराच वेळ ऐकलं,
मग नळ्या माझ्यापुढं धरल्या. ऐका, झडप गळतेय.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं यंत्रमागाच्या शेडात काढलेल्या माणसाला
बाई हृदय ऐकवायला निघाल्या.

माझ्या वाटचं नागमणीनं ऐकलं.
घरी येऊन माझ्या कानात ओरडून म्हणाली,
नळाला पाणी यायच्या आधी वारा येतो बघा,
तसं फुसफुसतंय.

नल्ला त्याचं नाव. आमच्या तेलुगूत काळा.
आता तोंडाकडून पांढरा होत आलाय,
भिजवलेल्या सुतासारखा उतरलाय रंग.
नाव बदलायचं वय राहिलं नाही,
त्याचंही, आमचंही.

सकाळी दीड गोळी, संध्याकाळी दीड,
आणि पाणी काढायची एक वेगळी.
नागमणी भाकरीचा पापुद्रा सोडवते,
गोळी ठेवते, कड दुमडते, नखानं दाबते.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या वळलेली बोटं.
नल्ला मुकाट्यानं गिळतो.
माझ्या हातची मात्र थुंकतो.

मीठ बंद. शेंगाचटणीचं बोट बंद,
जे मी रोज त्याला चाटवायचो
आणि नाही म्हणून सांगायचो.
आता ताटावर बसलो की तो माझ्याकडं बघतो,
मी भिंतीकडं.

गोळीनं मुततो फार, म्हणून पितो फार.
पाणी तोडू नका, मॅडमनी बजावलंय.
नळ आमच्याकडं चौथ्या दिवशी.
तिसऱ्या दिवशी मी अंघोळ चुकवतो.
नागमणी नाक मुरडते आणि काही म्हणत नाही.
म्हणत असली तरी मला काय कळणार.

शेजारचा अंबादास म्हणतो,
तेवढ्या पैशात दोन पिल्लं आली असती, मामा.
हे मला ओठांवरून कळलं.
पण बहिरेपणाचा तेवढा फायदा मी घेतो.

झोपेत मोजा, मॅडम म्हणाल्या होत्या.
छाती वर गेली, खाली आली, की एक.
मिनिटाला तीसच्या आत असलं तर तुम्हीपण झोपा.
चाळीसला गेलं तर वेळ बघू नका, फोन करा.

मोजायचं मला येतं.
इंचात किती धागे, ते बोट फिरवून सांगायचो,
शेठ भिंग लावून खात्री करायचा आणि गप बसायचा.
तर मी हात ठेवतो, फासळ्यांच्या मागं, जरा खाली.
जुन्या पीकबुकात तारखेपुढं आकडा लिहितो.
वरच्या पानांवर चादरी आहेत, खालच्या पानांवर श्वास.

एप्रिलात एकदा लाईट गेली.
पत्रा रात्री अकरालाही तापलेला.
दोष निघाल्यामुळं कुणी न घेतलेली एक चादर आहे घरात,
मोराची मान चुकलेली.
ती भिजवून त्याच्याखाली घातली, तरी हाताखाली
माग सुटल्यासारखा चालला होता तो.
चव्वेचाळीस. पुन्हा सत्तेचाळीस.
मैनोद्दीननं रिक्षा काढली, लुंगीवरच.
मांडीवर नल्ला, नागमणी मागून पेपरानं वारा घालतेय,
अशोक चौकापासून सात रस्त्यापर्यंत
मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणालो,
धोटा थांबू नये.

थांबला नाही. पहाटे परत आलो.
मैनोद्दीननं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

किती दिवस, असं विचारलं होतं मी.
मॅडमनी बोटं दाखवली नाहीत,
खांदे जरासे उचलले,
आणि नल्लाचे कान कुरवाळले.

आता जून लागलाय, रात्री जरा वारा असतो.
तो मोराच्या चुकलेल्या मानेवर मान टाकून झोपतो.
मी मोजतो.
अंधारात नागमणी पायानं माझ्या पायाला ढोसते, म्हणजे, किती?
तिला बोटं दिसणार नाहीत, मला तिचा आवाज नाही.
मी तिच्या घोट्यावर टिचक्या मारतो.
दोन.
जरा थांबून, सहा.
पाय मागं जातो.
थोड्या वेळानं पुन्हा ढोसते.