हे ओढतं

राउद्ना नदीच्या काठी मार्च संपत आलाय,
बर्फ अजून बुटात शिरतो.
याकुपमामा कुऱ्हाड उलटी धरून
अ‍ॅस्पेनच्या खोडावर ठोकतो, कान लावतो,
पुढे जातो.
सकाळपासून अकरा झाडं.

एका खोडातून एकच होडी.
आधी कोरायची, मग आगीवर शेकत,
पाणी मारत मारत
तिचं पोट हळूहळू फाकवायचं.
पूर येण्याआधी.
इथे पुराला पाचवा ऋतू म्हणतात.

बारावं झाड मला आवडलं होतं.
जाड, बिनगाठींचं, जरासं कललेलं.
मामा म्हणाला, हे नको. हे ओढतं.

मी टार्टूच्या प्रयोगशाळेत
सहा वर्षं नेमकं हेच मोजते,
तर मला गप्प बसवेना.

म्हटलं, शेंड्यावरून ऑक्झिन उतरतं
पेशीकडून पेशीकडे,
विहिरीवरून हातोहात बादल्या याव्यात तसं.
साल आणि लाकूड यांच्यामध्ये
कागदाएवढा ओला थर असतो.
सायटोकायनिन त्याला सांगतं, दुभंग, अजून एकदा दुभंग.
जिबरेलिन धागे लांबवतं,
आणि ऑक्झिनच्या जोडीला आलं
की लाकूड दोघांच्या बेरजेहूनही जास्त.
मग एखाद्या वादळात झाड कलतं.
खोडात इथिलीन वाढतं,
तुझ्या तळघरात सफरचंदं पिकवतो तोच वायू.
वरच्या अंगाला वलयं रुंद होतात,
धाग्यांना आतून नवं अस्तर लागतं,
ते आवळतं,
आणि अख्खं झाड स्वतःला वर खेचू लागतं.

मामाने पाइप झटकला.
'मग यांच्यात ठरवतं कोण?'
कुणीच नाही. जो तो थोडं थोडं.
'म्हणजे आमची गावसभा,' तो म्हणाला,
'फक्त काम होतं.'

तेरावं झाड त्याने घेतलं.

रात्री अंगणात त्याची पहिली होडी पाहिली.
एकोणिसाव्या वर्षी केलेली, कललेल्या झाडाची,
नदीत एकदाही न उतरलेली.
आता तिच्यात सरपण असतं.
एक कड पिळवटून वर आलीय.
मी तिच्यावर तळहात ठेवला.

ऑक्झिन नाही, इथिलीन नाही,
शेंडा कधीच चुलीत गेला.
त्या कडेला कुणी कळवलंच नाही
की झाड पडलं.