पिन

हेमांगीने दुकान नकाशावर टाकलं
तेव्हा मी साडेपाच लिटरच्या कुकरची रिंग ताणत होतो.
"काका, हसा," म्हणाली.
हसू आलं नाही; पाटीवर मात्र ऊन चांगलं पडलं होतं:
फणसे कुकर रिपेअर, दांडिया बझार.

दुसऱ्या दिवशी फोन:
"काका, क्यां छो? अहीं तो पाणी छे."
मग अजून एक. मग अलकापुरीच्या बाई,
चिडलेल्या, पिशवीत कुकर, झाकण वेगळं.
पिन पडली होती सूरसागर तळ्यात,
बरोबर मधोमध.
बत्तीस वर्षं या ओट्यावर बसून
जगाच्या लेखी मी पाण्यात.

हेमांगी अर्ज करत राहिली.
वेळ लिहिली, सोमवारी बंद लिहिलं,
घासलेल्या शिट्ट्यांचा फोटो टाकला.
तो पाहून एकीने विचारलं, जोडी कितीला?
पहिल्या गिऱ्हाइकाने तारा दिला, एकच.
"दुकान सापडलं नाही."

सतराव्या दिवशी पिन सरकली, ओट्यावर आली.
माणसं येतात आता, नाही म्हणत नाही,
वाघोडिया रोडवरूनसुद्धा.

काल तळ्याकाठचा जसुभाई चणेवाला
विचारत विचारत दुकानी आला.
हातात कुकर नव्हता.
"तुमची ती माणसं," म्हणाला,
"गोल गोल फिरायची, दमायची,
दहाचे चणे घेऊन पाळीवर बसायची,
तुम्हाला शिव्या देत.
दोन आठवडे झाले, कुणीच नाही."

पुडी ठेवून गेला. पैसे घेतले नाहीत.

हेमांगीला सांगितलं.
ती म्हणाली,
त्यांची गाडी रोज एकाच जागी लागते का,
तेवढं विचारा.